हबीबभाईची ट्रायल

जालन्याच्या एका जिनिंगमध्ये मी तीस वर्षं इंजिनमिस्त्री होतो. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. दिवाळीनंतर मंठा-अंबडकडून कापूस यायला लागला की आमचं तेलावरचं इंजिन सुरू व्हायचं, ते होळीपर्यंत धडधडत राहायचं. या धंद्यातल्या गमती सांगायच्या तर पुष्कळ आहेत. मंठ्याकडच्या एका पाटलांनी विहिरीवरचं इंजिन बंद पडलं म्हणून मला बोलावलं आणि मी पोचायच्या आधी लिंबू उतरवून त्याची दृष्ट काढून घेतली. मी जाऊन टाकीत तेल भरलं. इंजिन चालू झालं आणि श्रेय लिंबाला मिळालं. मी काही बोललो नाही, जेवण चांगलं होतं.

पण मला लिहायचं आहे ते जिनिंगमधल्या कामाचं नाही. वर्षातून वीस-पंचवीस दिवस, दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत, मी दुसरं एक काम करायचो. त्या कामात मला जितकी मजा आली तितकी कशातच आली नाही, आणि जन्मभराचा सलही त्यातच लागला.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला दोन-तीन वर्षं बाकी असतील. आमच्या शेठजींचे धाकटे भाऊ रतनशेठ यांना मोटारसायकलीच्या शर्यतींचा नाद होता. त्यांनी एक विलायती, पाचशे सीसीची, एका सिलेंडरची गाडी आणली होती. थंडीत हैदराबादेकडे शर्यती भरायच्या. त्यात लष्करातले गोरे असत, जहागीरदारांची मुलं असत, आणि एखाददुसरा आमच्यासारखा हातानं काम करणारा. रतनशेठ देहानं इतके भरलेले होते, की ते बसले म्हणजे खाली गाडी आहे हे सांगावं लागायचं. म्हणून त्यांची गाडी चालवायचे हबीबभाई.

हबीबभाई आमच्या जिनिंगची लॉरी चालवायचे. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. अंगानं काटकुळे, बोलणं थोडं. घरी उर्दू, बाहेर आमच्यासारखी मराठी. लागोपाठ दोन थंड्या त्यांनी शर्यत जिंकली होती. अंबडच्या रस्त्याला लॉरी दिसली की लोक ‘लॉरी आली’ म्हणत नसत, ‘हबीब आला’ म्हणत. ते मला दत्तू म्हणायचे आणि मी त्यांना हबीबभाई.

शर्यतीच्या आधी गाडीची आणि माणसाची परीक्षा घ्यायची असते. तिला आम्ही ट्रायल म्हणायचो. जुन्या छावणीत इंग्रजांच्या पलटणींनी कधी काळी घोडे पळवायला केलेला एक गोल रस्ता होता. पलटणी गेल्या, त्यावर तरवड आणि गवत उगवलं. पाऊस संपून मुरूम घट्ट झाला की आम्ही बैल लावून त्यावर वखर फिरवायचो, पाणी मारायचो, आतल्या कडेच्या दगडांना चुना लावायचो. एक फेरा सुमारे मैलाचा. दोन सरळ पट्ट्या आणि दोन वळणं, दोन्ही डावीकडं. गाडी नेहमी डाव्या अंगानंच फिरायची.

ट्रायल म्हणजे नुसतं पळवणं नव्हे. एक फेरा मारायचा, थांबायचं, एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा फेरा मारायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशानं काय झालं ते कळत नाही. पेट्रोल किती जावं यासाठी कार्बोरेटरमध्ये बारीक भोकाचं पितळी जेट असतं, ते बदलायचं. टायरमधली हवा कमीजास्त करायची. फेरा झाला की प्लग काढून बघायचा. काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढरा असला तर कमी, बदामी असला तर बराबर. इंजिनात तेल घालायचो एरंडेल, आमच्याच तेल्याच्या घाण्यावरचं, चार वेळा फडक्यातून गाळलेलं. त्याच्या धुराचा वास सगळ्या छावणीभर पसरायचा. लोक म्हणायचे, मिस्त्री गाडीला जुलाब देतो.

आणि शेवटचं काम, ते मला हबीबभाईंनी शिकवलं. फेरा झाला की पायी चालत जाऊन चाकाची खूण बघायची. कुठं ब्रेक लावला, कुठं रेस, म्हणजे पेट्रोलची मूठ, सोडली, कुठं चाक घसरलं, सगळं मुरमावर उमटलेलं असतं. हबीबभाईंची खूण वळणावर चुन्याच्या दगडांपासून एका वितीवर असायची. प्रत्येक फेऱ्याला तीच वीत. मी ती बोटांनी मोजायचो आणि मला उगाच अभिमान वाटायचा, जणू गाडी मीच चालवली.

त्या वर्षी मात्र सुरुवातीपासून काहीतरी बिनसलं होतं. आदल्या थंडीत चौसष्ट सेकंदांत होणारा फेरा आता सदुसष्टच्या खाली येईना. तीन सेकंद म्हणजे बाहेरच्या माणसाला काहीच नाही. शर्यतीत तीन सेकंदांत तुमच्यापुढं चार माणसं निघून जातात.

मी जेट बदलले. प्लग बदामी निघत होता. झडपा पुन्हा घासून बसवल्या, साखळी बदलली, ब्रेकचे लायनर बदलले. स्वतः बसून सरळ पट्टीवर गाडी पळवली तर ती वाऱ्यासारखी निघाली. रतनशेठ रोज सकाळी छत्री घेऊन यायचे, स्टॉपवॉच बघायचे आणि मला म्हणायचे, “मिस्त्री, तुझा हात चुकतो आहे.”

मलाही तेच वाटत होतं. आठ दिवस मी इंजिनच्या पोटात दोष शोधत राहिलो. वळणावरची खूण दगडापासून एका वितीवर नव्हती, चार-पाच हातांवर गेली होती, हे मी पाहिलं होतं. पण मी त्याचा अर्थ लावला की आतली माती भुसभुशीत झाली असेल. तिथं पाणी मारून पुन्हा दाबून घेतलं. हबीबभाई वळणावर मान डावीकडं खूप वळवून बसायला लागले होते, तेही दिसलं होतं. मला वाटलं, गोऱ्यांचं बघून काही नवं शिकले असतील.

नवव्या दिवशी सकाळी, रतनशेठ यायच्या आधी, मी घड्याळ घेऊन पश्चिमेच्या वळणावर उभा होतो. मैदानाच्या मधल्या भागात बायका गवत कापायला यायच्या. आम्ही त्यांना बजावून ठेवलं होतं, गाडीचा आवाज आला की जागचं हलायचं नाही. पण एक म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन थेट रस्त्यावर आली. तिला ऐकू कमी येत असावं. हबीबभाईंच्या डाव्या हाताला, आतल्या बाजूनं. मी ओरडलो. गाडी वळणात शिरली होती. माणूस दिसला की कुणाचाही हात रेस सोडतो, तो विचार करून सोडत नाही. हबीबभाईंनी रेस सोडली नाही. गाडी आपल्या वाटेवरून तसूभर हलली नाही. हँडल म्हातारीच्या भाऱ्याला घासून गेलं, भारा गरकन फिरून खाली पडला, गवत हवेत उडालं आणि म्हातारी मटकन खाली बसली.

मी धावत गेलो. तिला खरचटलंही नव्हतं. ती हातातला विळा घट्ट धरून म्हणत होती, “बाबा, त्यानं बघितलं न्हाई मला. बघितलंच न्हाई त्यानं.”

तिला पाणी देऊन, भारा डोक्यावर चढवून मी लिंबाच्या झाडाखाली आलो, जिथं आमचं सामान असायचं. हबीबभाई फेरा पुरा करून थांबले होते. धुळीसाठी लावलेला चष्मा कपाळावर घेऊन म्हणाले, “टैम काय झाला?”

मी म्हणालो, “घेतला न्हाई.”

“का? इतका चांगला फेरा गेल्ता.” मग त्यांचं लक्ष हँडलकडं गेलं. डाव्या बाजूच्या क्लचच्या दांडीत गवताच्या काड्या अडकल्या होत्या. त्या काढत त्यांनी विचारलं, “हे गवत कुठून आलं?”

मी त्यांच्या डाव्या अंगाला बसलो. हातात पाना होता, तो हळूच उचलून त्यांच्या कानाजवळ धरला. ते समोर बघत होते.

“हबीबभाई, माझ्या हातात काय आहे?”

“कुठल्या हातात?” ते म्हणाले.

मी पाना तसाच धरून ठेवला. त्यांना कळलं. त्यांनी मान वळवली, पाना पाहिला आणि बराच वेळ पाहतच राहिले. मग म्हणाले, “कधीपासून माहीत आहे तुला?”

“आत्तापासून.”

आदल्या वर्षीच्या शर्यतीत पुढच्या गाडीच्या चाकाचा एक खडा उडून त्यांच्या चष्म्यावर बसला होता. काच तडकली, डोळा लाल झाला, आणि ते शर्यत जिंकून आले. नंतर उन्हाळ्यात डाव्या बाजूनं एक काळा पडदा सरकायला लागला. हकिमांनी सुरमा दिला, मग थेंब दिले. पडदा सरकतच राहिला. आता त्या डोळ्यानं दिवस आहे की रात्र, एवढंच कळत होतं.

“लॉरी कशी चालवता मंग?”

“लॉरी सरळ रस्त्यानं जाते. बैलगाडीवाले आवाज ऐकून बाजूला होतात. चाललं आहे.” मग त्यांनी माझा हात धरला. “दत्तू, कुणाला बोलू नको. बस, ही एक थंडी. हा रस्ता मला तोंडपाठ आहे. मी डोळे मिटून फेरा मारीन.”

“आणि आत्ता ती म्हातारी?”

त्यांना म्हातारीचं ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. पण हात सोडला नाही. म्हणाले, “लॉरी सुटली तर मी कोण? ही गाडी सुटली तर मंग कोणीच न्हाई. तुझ्या आईची शपथ घे.”

मी आईची शपथ घेतली.

पुढचे चार दिवस हबीबभाईंनी असे फेरे मारले की रतनशेठनी पेढे वाटले. चोरी उघडी पडली म्हणून की काय, त्यांची भीती गेली होती. खूण पुन्हा एका वितीवर आली. फेरा पासष्टवर आला. ते बघून चालवत नव्हते, आठवून चालवत होते. आणि तेच मला झोपू देईना. ट्रायलमध्ये माणूस एकटा असतो. शर्यतीत डाव्या अंगाला पाच-सहा गाड्या असतात, आणि त्या कुठं असतील ते कुणाला पाठ नसतं.

हैदराबादेला निघायच्या दोन दिवस आधी मी रतनशेठकडं गेलो आणि सगळं सांगितलं. सांगताना हात जोडले. म्हणालो, “शेठ, गाडी बिघडली म्हणा. इंजिन फुटलं म्हणा, माझ्या हातानं फुटलं म्हणा. या वर्षी जाणं रद्द करा. त्यांना कळू देऊ नका.”

रतनशेठ म्हणाले, “बराबर. तू काळजी करू नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जिनिंगच्या अंगणात रतनशेठनी हबीबभाईंना बोलावलं. हमाल होते, गाडीवान होते, नवा कापूस घेऊन आलेले शेतकरी होते. मी इंजिनघराच्या दारात उभा होतो. रतनशेठनी हातातली छत्री हबीबभाईंच्या डाव्या बाजूला उंच धरली आणि विचारलं, “हबीब, काय आहे सांग?” लोकांना वाटलं, शेठ थट्टा करून राह्यले. दोघं-तिघं हसले. हबीबभाई समोर बघत उभे होते. शेठनी छत्री त्यांच्या गालाजवळ नेली. कुणीतरी म्हणालं, “अरे, ह्याला दिसत न्हाई.” मग कोणी हसलं नाही.

“लॉरीचं हँडल दे,” रतनशेठ म्हणाले. तेव्हा लॉरी लोखंडी हँडल फिरवून चालू करायची असे आणि ते हँडल ड्रायव्हर आपल्यापाशी ठेवी. हबीबभाईंनी लॉरीतून ते आणून शेठच्या पायाशी ठेवलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. बघायला त्यांना पुरी मान वळवावी लागली.

मी नंतर रतनशेठना म्हणालो, चार लोकांत का केलं? ते म्हणाले, “उद्या लॉरीखाली कुणाचं लेकरू आलं असतं म्हणजे? सगळ्यांना कळलं म्हणजे दुसरा कुणी त्याला गाडी देणार न्हाई.” यात खोटं काही नव्हतं. त्यांनी हबीबभाईंना गोदामावर काम देऊ केलं. हबीबभाई आले नाहीत.

त्याच आठवड्यात त्यांची बायको सकीनाभाभी आमच्या घरी आली. कधी न येणारी बाई. उंबऱ्याच्या आत आली नाही, माझ्या बायकोनं टाकलेल्या पाटावर बसली नाही. म्हणाली, “भाईसाब, तुम बोले सो सच बोले. मैं झगडने नै आयी. मगर पैले मेरेकू बोलना था ना. मैं रोकती उनकू. घर में रोकती. उनो घर में रोते, बाहर नै.”

मला हे सुचलंच नव्हतं. त्या चार दिवसांत मी रतनशेठचा विचार केला, शर्यतीचा केला, माझ्या शपथेचा केला. त्यांच्या घरात एक माणूस आहे आणि तिला सांगता येईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी इंजिन बघणारा माणूस. दोष सापडला की मालकाला सांगायची सवय.

त्या वर्षी रतनशेठचा भाचा शर्यतीत उतरला आणि कितवा आला ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. मग लढाई लागली, पेट्रोल मिळेनासं झालं, गाडी विकली. छावणीतल्या रस्त्यावर पुन्हा गवत माजलं.

हबीबभाईंनी टांगा घेतला. स्टेशन ते जुना जालना. घोडा रस्ता बघायचा आणि हे लगाम धरायचे. एकदा मी मुद्दाम जाऊन त्यांच्या टांग्यात बसलो. त्यांनी मान वळवून पाहिलं, खाली उतरले आणि शेजारच्या टांगेवाल्याला म्हणाले, “रहीम, यांना घेऊन जा.” मी उतरून दुसऱ्या टांग्यात बसलो. त्यानंतर दहा वर्षं मी स्टेशनपासून घरापर्यंत पायी चालत आलो.

त्या दहा वर्षांत सकीनाभाभी तापानं गेली. हबीबभाईंच्या एकुलत्या मुलीचं लग्न होऊन ती हैदराबादेला गेली. दुसरा डोळाही हळूहळू गेला. हे सगळं मला इकडून-तिकडून कळायचं.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं. आधीचं वर्षभर खेड्यापाड्यांत हिंदूंनी भोगलं होतं, आता मुसलमान भोगत होते. ज्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं असे दोन्हीकडं होते. आम्ही आनंदात होतो आणि त्याच गल्ल्यांतून शेजारी आपली घरं सोडून जात होते. एक दिवस आमचा एक हमाल म्हणाला, “मिस्त्री, तो तुमचा हबीब एकटाच बसून आहे घरात. शेजारची सारी गेली. घोडा बी कुणीतरी सोडून नेला.”

मी भर दुपारी गेलो. दार उघडंच होतं. हबीबभाई बाजेवर बसले होते, पायात जोडे घालून. दाढी पांढरी झाली होती. माझ्या पावलांचा आवाज ऐकून म्हणाले, “कौन?”

“दत्तू.”

“कोण दत्तू?”

“जिनिंगचा मिस्त्री.”

ते बाजेवर थोडे सरकले. मग म्हणाले, “हां. बसा.” जन्मभर मला ‘तू’ म्हणणारा माणूस.

मी म्हणालो, रेल्वे सुरू झाली आहे, मी तुम्हाला मुलीकडं नेतो. त्यांनी विचारलं, “रस्त्यात कुणी अडवलं तर?” मी म्हणालो, “माझ्यासंगं आहात, मी बोलीन.” मला माझेच शब्द कानाला कसेतरी लागले.

सामान एका गाठोड्यात मावलं. मी हात धरायला गेलो तर त्यांनी तो सोडवून घेतला आणि माझ्या खांद्यावर आपला हात ठेवला. तसे आम्ही स्टेशनापर्यंत चालत गेलो. वाटेत दोघांनी आम्हाला थांबवलं. दोघंही मला ओळखणारे निघाले, आणि मी काय सांगितलं ते आता आठवत नाही.

गाडीला उशीर होता. फलाटावरच्या बाकावर आम्ही बसलो. मी त्यांच्या डाव्या बाजूला होतो. आता डावी-उजवी सारखीच होती. समोर एक बाई मुलाला भाकरी भरवत होती. मी तिच्याकडं बघत बोललो. म्हणालो, “हबीबभाई, मी आईची शपथ मोडली. सांगितलं त्याचं मला वाईट वाटत न्हाई. जसं सांगितलं, ज्याला सांगितलं, त्याचं वाटतं. मला माफ करा.”

ते ऐकत होते. गाठोड्याची गाठ त्यांनी सोडली, पुन्हा बांधली.

“मिस्त्री,” ते म्हणाले, “तुम्ही मला पोचवायला आलात की माफी मागायला?”

“दोन्हीसाठी.”

“मंग पोचवा,” हबीबभाई म्हणाले. “दुसरं माझ्यानं होणार न्हाई.”

गाडी आली. मी त्यांचा पाय पायरीवर ठेवला, आत जागा करून दिली, पाण्याचा तांब्या हाताशी दिला. सगळ्या प्रवासात ते दोनदाच बोलले, एकदा स्टेशन कोणतं ते विचारायला आणि एकदा पाणी मागायला. हैदराबादेत पत्ता विचारत विचारत मी मुलीचं घर काढलं. दार तिनंच उघडलं. मी त्यांचा हात माझ्या खांद्यावरून उचलून तिच्या हातात दिला. ती रडायला लागली. हबीबभाईंनी दाराची चौकट चाचपली, मान खाली घातली आणि आत गेले.

मुलगी मला चहासाठी थांबा म्हणत होती. मी परतीची गाडी आहे म्हणालो आणि निघालो. गाडी दुसऱ्या दिवशीची होती.